चार बोटं ओल

आईचे दोन्ही गुडघे बदलून आठ महिने झाले, तेव्हा तिनं आपण होऊन टेकडीचं नाव काढलं. "तू सारखी जातेस तिथं मला ने की एकदा," म्हणाली. मी वीसेक वर्षं वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जाते. गळ्यात दुर्बीण, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक छोटी वही. इतक्या वर्षांत आईनं कधी विचारलं नव्हतं, तिथं काय बघतेस म्हणून. पक्षी बघायला मुद्दाम कशाला जायचं, ते दिसतातच की, असं तिचं साधं मत होतं. दवाखान्यातून आल्यावर मात्र ती खिडकीशी बसून राहायची. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पारवे, खाली गाड्या. एवढंच दिसायचं. त्यामुळे तिनं टेकडीचं नाव काढल्यावर मी वारसुद्धा विचारला नाही. दुसऱ्या दिवशीच निघालो.

चढ तिला झेपला नसता. पण वेताळ टेकडीची एक सोय आहे. पौड फाट्याच्या अंगानं एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता जवळजवळ माथ्याला भिडतो आणि तिथून वेताळाच्या देवळापर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. धडधाकट माणूस गप्पा मारत सहज चालून येईल. आम्हाला तिप्पट वेळ लागला आणि त्या वेळेचं सोनं झालं असं मी आजही मानते.

रिक्षातून उतरलो तेव्हा साडेसहा वाजत होते. खाली शहराचे दिवे अजून विझले नव्हते. मार्च संपत आला होता, पाडवा तोंडावर होता, तरी वर वाऱ्याला गारवा होता. आईनं काठी टेकली, पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि दहा पावलं टाकून थांबली. मला वाटलं, गुडघा दुखला. तिनं नुसता हात वर केला, गप्प राहा म्हणून. डाव्या हाताच्या झुडपांतून एक खणखणीत आवाज आला, त्याच्यावर लगेच दुसरा चढला आणि दोन्ही एकमेकांच्या पाठी धावू लागले.

"तितर," आई म्हणाली. "जोडीनं बोलाय लागल्यात."

बोलाय लागल्यात. असं बोलताना मी तिला शेवटचं कधी ऐकलं होतं, मला आठवेना. आई मूळची माण तालुक्यातली. लग्न होऊन पुण्यात आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आधी वाड्यातल्या दोन खोल्या, मग फ्लॅट. शेजारणी, शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब, सगळ्यांशी बोलता बोलता तिची बोली घासून गुळगुळीत झाली. माहेरचं कुणी आलं तरच ती जुनी भाषा वर यायची आणि माहेरचं यायला आता कुणी उरलेलं नाही. त्या सकाळी एका तितराच्या जोडीनं ती परत आणली.

मार्चमधली ही टेकडी बघून पाहुणे हिरमुसतात. मी अनेकांना नेलंय, मला माहीत आहे. गवत वाळून पिवळं-तांबूस झालेलं असतं. मधूनमधून काळे फत्तर उघडे पडलेले. मोईच्या फांद्या वाकड्यातिकड्या, एकही पान नाही. सालईच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले. खैर, हिवर, हेकळ, सगळी काटेरी मंडळी अंग चोरून उभी. पाहुणे म्हणतात, "पावसाळ्यात छान असेल नाही?" त्यांचा दोष नाही. हिरवं म्हणजे जिवंत, असंच आपण लहानपणी चित्रांत रंगवत आलो. सरकारी कागदांतही अशा खुरट्या झुडपांच्या, गवताच्या जमिनीची नोंद बहुतेक वेळा 'पडीक' म्हणूनच होते.

आईनं मात्र चौफेर नजर फिरवली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. ओळखीच्या घरात शिरल्यावर येतं ते.

"ह्यो आमचा माळच की गं," ती म्हणाली.

खरंच होतं ते. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला माण, तिथं जेमतेम पाचशे. सह्याद्रीनं ढग अडवून धरले की पलीकडे जे शिल्लक राहील त्यावर भागवायचं. पुणं त्या दोन्हींच्या मधलं, पण टेकडीच्या माथ्यावर मातीचा थर इतका पातळ की पडलेलं पाणी थांबतच नाही. खाली अखंड फत्तर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. अशा जागी झाडानं आठ महिने पानं मिरवायची म्हटली तर ते मरेल. म्हणून मोई पानं टाकते, सालई टाकते, गणेर टाकते आणि मुळांशी आहे तेवढ्या ओलीवर दिवस काढते. सगळ्यात मला थक्क करतं ते हे की फुलायचं कामही ही झाडं याच दिवसांत करतात. पानांची अडचण नसते, फूल लांबून दिसतं, माश्यांना आणि पाखरांना वाट चुकत नाही. वाटेच्या वळणावर एक गणेर होती. सगळी काटक्यांची, आणि टोकाटोकांवर तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं. आईनं काठीनं एक पडलेलं फूल उलटं केलं. त्यातून मुंग्या निघाल्या. ती त्यांना जाऊ देईपर्यंत थांबली.

पुढे पांगारा लागला. त्याच्यावर एवढा कालवा चालला होता की बोलणं ऐकू येईना. लाल फुलांच्या घोसांत काळी डोकी खुपसून शंभरेक पाखरं मध ओढत होती. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. मी सवयीनं दुर्बीण लावली आणि म्हणाले, "पळस मैना. मध्य आशियातून येतात, आता परत जायची वेळ झाली त्यांची."

"भोरड्या!" आई म्हणाली. रागानं म्हणाली.

मला हसू आलं नाही, कारण तिचा राग अस्सल होता. ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून शाळूच्या राखणीला जायची. कणसात दूध भरलं की भोरड्यांचे थवे यायचे. शेताच्या मध्यावर चार खांबांचा माळा, त्याच्यावर पोरीनं उजाडताना चढायचं आणि गोफण फिरवायची. गोफणीत दगड नाही, मातीचा गोळा घालायचा, म्हणजे तो हवेत फुटतो आणि सगळा थवा उठतो. थवा उठला की वळतो, आभाळात काळा पडदा हलवल्यासारखा, आणि शेजारच्याच्या शाळूवर बसतो. मग तिकडची पोर ओरडायची. दिवसभर हेच. "हात असा सुजायचा," तिनं उजवा खांदा दाखवला. वर गोफणीसारखा हात एकदा फिरवून दाखवला. पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं काठी टाकून देऊन फिरवलेला तो हात मी विसरणार नाही. मनगटातली ती शेवटची झटक अगदी जशीच्या तशी होती.

मी तिला सांगितलं की याच भोरड्या उन्हाळ्यात तिकडे परतल्या की टोळांवर तुटून पडतात, टोळधाडीच्या मागं मागं त्यांच्या वसाहती होतात, तिकडचे शेतकरी त्यांची वाट बघतात. आईनं हे ऐकून घेतलं. थोडा वेळ झाडाकडे बघत राहिली. "असंल," म्हणाली. "आमचा शाळू खाऊन ताकद येत असंल."

त्या दिवशी नावांची अशी देवाणघेवाण चालली होती. मी भारद्वाज म्हणायची, ती कुंभारकावळा. मी छोटा तपकिरी होला म्हणायची, ती नुसतं व्हला. माझी नावं बहुतेक पुस्तकातून आलेली. तिची नावं कुणी लिहून ठेवली होती का, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला मारुती चितमपल्लींबद्दल सांगितलं. वनखात्यात नोकरी केली, रानात आदिवासींच्या, पारध्यांच्या पायाशी बसून पाखरांची नावं गोळा केली आणि पक्षीकोश लिहिला. आईला एवढंच विचारायचं होतं, "व्हला घेतलाय का त्यांनी?" होला आहे, मी म्हणाले. ते तिला पुरेसं वाटलं.

इथपर्यंत मी खुशीत होते. मग एका खैराच्या झाडाखाली मी तिला थांबवलं. डोक्याच्या थोडंच वर बारीक, धारदार शीळ चालली होती, सुई काचेवरून ओढावी तशी. निखारांची टोळी. सहा-सात असावेत. नराची छाती केशरी, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी, म्हणून ते नाव. फांदीवरून फांदीवर झिरपत जातात, एकही जागेवर ठरत नाही आणि पूर्ण वेळ एकमेकांना हाका मारत असतात.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?"

"हे. वर. आता, हे बघ, परत."

आईनं मान वर केली. डोळे बारीक केले. मी बोट दाखवलं तिकडे बघितलं. तिला पाखरं दिसली, ती हललेली दिसली, नराचा रंगही दिसला. "चोच उघडतंय," ती म्हणाली. "पण आवाज न्हाई करत."

सात निखार सगळा जीव एकवटून ओरडत होते. वयाबरोबर कान जातो तो वरच्या पट्टीकडून जातो, हे मला माहीत होतं. उंच, बारीक आवाज आधी विझतात, खालचे, भरीव आवाज राहतात. तितर राहतो, होला राहतो, कुंभारकावळ्याचं घुमणं राहतं. निखार जातो, शिंजीर जातो, फुलटोच्या जातो. हे मी कुठं कुठं वाचलं होतं, ओळखीच्या वयस्कर पक्षीनिरीक्षकांकडून ऐकलंही होतं. माझ्या आईच्या बाबतीत ते घडून गेलंय आणि मला घरात त्याचा पत्ता लागला नाही, हे त्या खैराखाली कळलं. घरात आम्ही बोलतो ते खालच्या पट्टीतलं. कुकरची शिट्टी मोठी असते. कळणार कसं?

मी काही बोलले नाही. तिनंच विचारलं, "तुला येतंय ऐकू?"

"येतंय."

"कसं आहे?"

मी तोंडानं काढून दाखवायचा प्रयत्न केला. ओठांचा चंबू करून बारीक शीळ. माझ्या शिळेची पट्टी निखाराच्या कितीतरी खाली होती, म्हणूनच बहुधा तिला ती ऐकू आली. तिनं मान डोलावली. "हां, हे होतं आमच्याकडं. बाभळीत असायचं." आणि पुढे चालू लागली. नंतर त्या वाटेवर माझ्या कानावर पडणारा प्रत्येक बारीक आवाज मी तिला शीळ घालून सांगत गेले. एकटी असते तर मी असले आवाज नुसते वहीत खूण करून पुढे गेले असते. तिला सांगायचं म्हणजे आधी मला नीट ऐकावं लागत होतं. आवाज चढतो की उतरतो, दोनदा येतो की तीनदा, शेवट तुटक की लांब. वीस वर्षांत निखाराची शीळ मी इतकी नीट कधी ऐकली नव्हती.

वाट पुढे एका गर्द पट्ट्यात शिरते. सावली असते, म्हणून फिरायला येणाऱ्यांना तो पट्टा आवडतो. आत शिरलो आणि शंभर पावलांवर आई म्हणाली, "इथं काय नाही का?" कान गेलेल्या बाईलाही ती शांतता जाणवली. ते गिरिपुष्पाचं बन होतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड आपल्याकडच्या टेकड्यांवर गेल्या काही दशकांत भरमसाट लावलं गेलं. त्याची कारणंही समजण्यासारखी होती. फांदी खोचली तरी जगतं, झपाट्यानं वाढतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, तोडलं तरी फुटतं. उंदरांना त्याचा पाला विषारी, म्हणून त्याला उंदीरमारीही म्हणतात. टेकडी लवकर हिरवी दिसावी, एवढंच हवं असेल तर याच्यासारखं झाड नाही. पण आपल्या किड्यांची, सुरवंटांची त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नाही. किडे नाहीत तर पाखरं कशाला येतील? खाली पाल्याचा जाड थर पडतो आणि त्यातून गवत वर येत नाही. गवत नाही तर लावरी नाही, तितर नाही, चंडोल नाही.

हे सांगताना माझा आवाज पडला, कारण त्यातली काही झाडं माझ्या हातची आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी एका संस्थेबरोबर मी दोन पावसाळे वृक्षारोपणाला जात होते. टेकडी उजाड आहे, तिला हिरवी करायची, असं आम्ही मनापासून म्हणायचो. आम्ही ज्याला उजाड म्हणत होतो तो गवताचा माळ होता. तिथं टिटव्या अंडी घालायच्या, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुदळीनं खड्डे घेताना एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, हे मला स्पष्ट आठवतं. आम्हाला वाटलं, ती आमच्या कामाला साथ देतेय. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आईला सांगितली. ती काही बोलली नाही. माझा दंड धरून चालत होती तो जरा घट्ट धरला, इतकंच.

बनातून बाहेर आलो की दगडाची जुनी खाण लागते. कधीकाळी इथून पुण्याच्या बांधकामांसाठी फत्तर काढला, आता खोल खड्ड्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात टेकडीवरच्या पाखरांचा तोच आधार होतो. काठावर एका सपाट दगडावर आईला बसवलं. पाण्याशी टिटवी होती. नेहमीची, लाल गाठीची. आधी मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, टिटवी काय, रोज दिसते. मग ती पाण्यात शिरली. पाय बुडले तरी थांबली नाही, पोट टेकेपर्यंत आत गेली आणि बसल्यासारखी होऊन अंग दोन-तीनदा हलवलं. पोटाची पिसं पाण्यात पसरली. तशीच उठली, उडाली आणि खाणीच्या वरच्या अंगाला, खडीच्या उघड्या पट्ट्यावर उतरली. चार पावलं भराभर चालली, थांबली, आजूबाजूला बघितलं, परत चालली आणि खाली बसली.

मी उठून तिकडे निघाले. दुर्बिणीतून अजून जवळून दिसलं असतं. आईनं मागून माझ्या ओढणीचं टोक धरलं.

"फुडं जाऊ नको. अंडी हायती."

तिनं अंडी पाहिली नव्हती. टिटवीची बसण्याची तऱ्हा पाहिली होती. मी आहे तिथून दुर्बीण लावली आणि बराच वेळ शोधल्यावर, टिटवी जराशी उठली तेव्हा, मला दिसलं. चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळवलेली, रंग खडीचाच, वर काळपट ठिपके. घरटं म्हणावं असं काही नव्हतं, बारक्या खड्यांत नुसता एक खळगा. टिटवी त्यांच्यावर बसली आणि ओलं पोट टेकवलं. ऊन चढायला लागलं होतं. तापत्या फत्तरावर अंडी भाजून निघू नयेत म्हणून टिटव्या पोटाची पिसं भिजवून आणतात, हे मी वाचलेलं होतं. अंड्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या खड्यांवर काळं पसरलेलं त्या दिवशी दुर्बिणीतून पाहिलं. मिनिटभरात ते वाळलं. टिटवी बसून होती.

"उंचावर घातल्यात," आई म्हणाली. "पाऊस बरा हाय औंदा." टिटवीनं सखल जागी अंडी घातली की पाऊस कमी, उंचवट्यावर घातली की जास्त, असं तिच्या गावचे लोक धरून चालायचे. ते खरं ठरतं का, असं मी विचारलं. "ठरायचं कधी कधी," ती म्हणाली.

मग तिनं वाकून पायाशी पडलेला एक फत्तर उचलला. हातात फिरवला, अंगठा त्याच्या कडेवरून नेला. "हा इथून फुटंल," तिनं एक रेघ दाखवली. मला तिथं काहीच दिसत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला होती, हे मला ऐकून माहीत होतं. पण ऐकणं वेगळं आणि त्या बोटाखालची न दिसणारी रेघ बघणं वेगळं. बावीस वर्षांची होती. सकाळी उन्हाच्या आधी जायचं, मोठा फत्तर पुढ्यात घ्यायचा, तो कुठून फुटणार हे आधी बघायचं. चुकीच्या जागी घाव घातला तर हाताला झिणझिण्या येतात आणि दगड तसाच राहतो. ढीग मोजून पैसे. दुपारी सुकडी. "लई फोडले," ती म्हणाली आणि दगड होता तिथंच, त्याच बाजूनं, परत ठेवला.

देवळापर्यंत गेलो. वेताळाला तिनं लांबूनच हात जोडले. परतताना तिच्या साडीच्या काठाला कुसळं लागली होती, शेकड्यांनी. दगडावर बसून आम्ही ती वेचली. आमच्याकडे या गवताला सरळ कुसळीच म्हणतात. प्रत्येक बीला एक टोकदार, केसाळ अणी आणि मागं पिळाची लांब शेपटी. आईनं एक कुसळ तळहातावर घेतलं, बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला आणि म्हणाली, "बघ आता." शेपटीचा पीळ हळूहळू उलगडू लागला. बी तिच्या तळहातावर आपोआप गरगर वळायला लागली. पहिल्या पावसाची ओल लागली की पीळ सुटतो, वाळला की परत बसतो आणि असं करत बी स्वतःला मातीत पेरून घेते. मी पक्ष्यांच्या मागं लागून या कुसळांतून वीस वर्षं चालले होते. मोज्यांतून उपटून फेकून दिली होती.

त्या दिवशी वहीत तेवीस नावं झाली. एकटी असते तर चाळीस झाली असती. ती वही मी जपून ठेवली आहे.

टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढण्याचा विषय कित्येक वर्षं निघतो आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोठी पदयात्रा निघाली, तिच्यात मीही चालले. रस्त्याच्या बाजूनं बोलणारे लोक वाईट नाहीत, वाहतुकीत त्यांचाही जीव जातो. पण तिकडे आहे काय, नुसती झुडपं तर आहेत, असं कुणी म्हटलं की मला त्या ओल्या पोटाची टिटवी आठवते आणि माझा घसा दाटून येतो. हे मी कुणाला आकड्यांत मांडून दाखवू शकत नाही. तिथं घेऊन जाऊ शकते फक्त. वणव्याचंही तेच. दर उन्हाळ्यात कुणीतरी काडी टाकतं, लोक म्हणतात, वाळलं गवतच तर जळलं. त्या गवतात त्या वेळी कुणाकुणाची अंडी असतात, हे एकदा बघितलेल्या माणसाच्या हातून काडी पडणार नाही, अशी माझी खात्री आहे.

जूनमध्ये आई म्हणाली, परत जाऊ. दोन वळिवाच्या सरी होऊन गेल्या होत्या. टेकडी बघता बघता बदलली होती. मोईला कोवळी पानं, खडीत हिरवी पाती, हवेत मातीचा वास. टिटवीची पोरं बहुधा उडायला लागली असतील, खाणीपाशी दोन मोठ्या आणि दोन मळकट टिटव्या फिरत होत्या. त्या आमच्याच आहेत असं आईनं ठरवून टाकलं. एका हिवरावर चातक बसला होता, डोक्यावर तुरा, अंग काळं-पांढरं. यांतले कितीतरी आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून पावसाच्या तोंडाशी येतात. खाली सातभाईंची टोळी पाला उलथत, भांडल्यासारखी बडबडत चालली होती. आता त्यांच्या घरट्यात चातकाचं अंडं जाणार, ते त्यांच्याच अंड्यासारखं निळं असणार आणि सगळी टोळी मिळून ते परकं पिल्लू वाढवणार. आई सातभाईंकडे बघत म्हणाली, "घरात माणसं जास्त असली की एखादं असं वाढून जातं."

आणि मग पावशा ओरडला. कुठल्यातरी झाडाच्या शेंड्यातून, ढगाळ हवेत, एकेक पायरी चढत. पेर्ते व्हा. पेर्ते व्हा. पेर्ते व्हा. आवाज वर वर गेला आणि तुटला. हा आवाज तिला ऐकू येतो का, हे मला बघावं लागलं नाही. ती जागच्या जागी थांबली होती.

"आबा हे ऐकलं की पाभर बाहेर काढायचे," ती वडिलांबद्दल म्हणाली. "फण बघायचे, दोर बघायचे. पेरायचे नाहीत लगेच. नुसती काढून ठेवायचे."

"बहात्तरला ओरडला होता?"

"वरडला की. त्याच्याआधीच्या सालीबी वरडला. तो वरडतोच." थोडी थांबून म्हणाली, "आबांनी त्या साली पाभर काढली नाही. आम्ही पोरी म्हणत होतो, काढा, काढा. तर म्हणाले, वल कुठाय?"

पावशा पुन्हा चढायला लागला. आईनं काठी वाटेच्या कडेला, गवताच्या मुळाशी, मऊ दिसणाऱ्या मातीत रोवली. दोन्ही हातांनी दाबली. नव्या गुडघ्यांवर तिला उकिडवं बसता येत नाही, म्हणून तिनं काठी उपसून टोक माझ्यासमोर धरलं. टोकापासून वर काही अंतरापर्यंत काठी काळी, ओली होती, चिकटलेली मातीही ओली होती. मी त्या खुणेला बोटं आडवी लावली, तिनं सांगितल्याप्रमाणे, अंगठा सोडून.

"चार," मी म्हणाले.

तिनं काठी परत घेतली, टोकाची माती अंगठ्यानं पुसली, बोटांत चुरडून बघितली.

"अजून एक पाऊस लागंल," म्हणाली आणि चालायला लागली.